अभिजात मोटार आणि भाजीची पिशवी

रस्त्याने जाताना अवचित एखादी जुनी मोटार दिसणे आणि रविवारी सकाळी मुद्दाम उठून व्हिंटेज मोटारींची मिरवणूक पाहायला जाणे ही एकाच छंदाची दोन रूपे आहेत, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मला ते मान्य नाही. मिरवणुकीत गाडी आपल्याला दाखवली जाते; रस्त्यावर ती आपल्याला सापडते. मिरवणुकीतल्या गाडीला पाहिले जाण्याखेरीज दुसरे काम नसते. रस्त्यावरची गाडी मात्र कुठेतरी निघालेली असते. तिच्या मागच्या काचेपाशी छत्री, औषधांची कागदी पिशवी, रंग उडालेली उशी असे काहीबाही पडलेले असते आणि तिचा मालक, आपण कुणाच्या कौतुकाचा विषय झालो आहोत याची कल्पनाही नसताना, सिग्नल सुटण्याची वाट पाहत असतो. जुनी वस्तू आणि वर्तमानकाळ यांची अशी गाठ पडते, तेव्हाच ती वस्तू खऱ्या अर्थाने जुनी वाटते. दोरखंडाआड उभी केलेली गाडी नुसतीच गेलेल्या काळाची असते.

गेली वीसेक वर्षे मी अशा गाड्या पाहत आले आहे. मी मराठी शिकवते. यंत्रशास्त्राशी माझा संबंध घरच्या मिक्सरपुरता. शिवाय चाळिशी उलटलेली एक बाई फाटकाच्या गजांतून ताडपत्रीखालच्या गाडीकडे टक लावून पाहते आहे, हे दृश्य आपल्याकडे सहज पचनी पडत नाही. वॉचमन ‘कुणाकडे जायचंय, मॅडम?’ असे विचारतो. मालक बाहेर आलेच तर त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘विकायची नाहीये.’ भंगारवाले, दलाल, आणि ‘काका, जागा अडवून ठेवलीत’ असे दर सभेत सुनावणारे सोसायटीचे सभासद या सर्वांना वर्षानुवर्षे दिलेले उत्तर ते आपल्यालाही देऊन टाकतात. आपण नुसत्या पाहायला थांबलो आहोत हे एकदा पटले की मात्र अर्धा तास सुटका नसते. बॉनेट उघडले जाते.

भारतातल्या जुन्या गाड्या ओळखणे ही इतर देशांहून थोडी निराळी विद्या आहे. जिथे दर चार-पाच वर्षांनी मॉडेल बदलते, तिथे तीस वर्षांपूर्वीची गाडी लांबूनही वेगळी दिसते. आपल्याकडे परवान्यांच्या राज्यात मोटारी बनवणाऱ्या प्रमुख कंपन्या तीन : उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. एकदा आणलेला साचा या कंपन्यांनी दशकानुदशके चालवला. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली अँबॅसडर १९५७-५८ च्या सुमारास सुरू झाली आणि २०१४ च्या मे महिन्यात कारखाना थांबेपर्यंत बनत राहिली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटची ११०० ही गाडी कुर्ल्यात बनवली. तिचे ‘डिलाइट’ हे रूप साठच्या दशकात आले, पुढे तिला ‘प्रेसिडेंट’ म्हटले गेले आणि १९७४ पासून तीच ‘पद्मिनी’ झाली. इटलीत हे मॉडेल १९६६ मध्ये थांबले होते. आपल्याकडे ते या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालले.

याचा परिणाम असा, की १९७० ची फियाट आणि १९९० ची पद्मिनी लांबून जवळजवळ सारखीच दिसते. त्यांतला फरक ओळखायचा तर समोरची जाळी, मागचे दिवे, दारांची मूठ, डॅशबोर्ड यांकडे पाहावे लागते. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्याला एका मात्रेवरून प्रतीचे घराणे कळते, तसे हे काम आहे, आणि मला ते आवडण्याचे कारणही बहुधा हेच असावे. पन्नाशीच्या दशकातली गोलमटोल फियाट मात्र लगेच ओळखू येते. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे पुढच्या बाजूने उघडतात. मुंबई-पुण्याच्या लोकांनी तिच्या नाकाडाकडे आणि फुगीर पाठीकडे पाहून तिचे नाव ठेवले ‘डुक्कर फियाट’. कंपनीने दिलेली नावे आता जाणकारांखेरीज कुणाला आठवत नाहीत. डुक्कर फियाट टिकले. नामकरणाच्या बाबतीत लोकभाषा जाहिरात विभागापेक्षा सरस ठरल्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. (पद्मिनी हे नाव चितोडच्या राणीचे. ते घेऊन पुढे या गाडीने मुंबईत काळे-पिवळे कपडे घालून भाड्याने हिंडावे, यातला विनोद कंपनीच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे.)

क्रमांकाची पाटी हाही वाचण्याचा मजकूर. ‘एमएच’ येण्यापूर्वीची तीन अक्षरी मालिका, पेंटरने हाताने काढलेले आकडे, क्वचित देवनागरी अंक. यांवरून गाडी कुठे आणि साधारण केव्हा नोंदली गेली हे कळत असे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही ठशाची उच्च सुरक्षा पाटी बसवणे महाराष्ट्रात सक्तीचे झाले, आणि पेंटरचे ते अक्षर बहुतेक गाड्यांवरून उतरले. सुरक्षेची गरज मी नाकारत नाही. एक लिपी गेली, एवढेच नोंदवते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज मोटार वाहन’ या संज्ञेची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत भरीव फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. अशा गाड्यांच्या नव्या नोंदणीसाठी ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली स्वतंत्र मालिका ठेवली. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक कायम राखता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाला ५ हजार. इथवर सारे स्वागतार्ह आहे. इतकी वर्षे या गाड्यांना स्वतंत्र ओळखच नव्हती; राज्याराज्यांत आणि कार्यालयागणिक वेगळा न्याय होता. पण याच नियमात पुढे असे आहे, की व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी नियमित वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर येऊ शकते.

थोडक्यात, गाडीला थोरपण बहाल करण्याची अट अशी, की तिने चालणे सोडावे. पेट्रोल पंपावर जाऊन परत यावे. वाटेत मंडईत थांबू नये.

मराठीचा शिकवणारा कोणीही या ठिकाणी अडखळेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या निर्णयाबरोबर जर असा आदेश निघाला असता, की इतःपर मराठी फक्त साहित्य संमेलने, चर्चासत्रे आणि संशोधनासाठी बोलावी, रिक्षावाल्याशी, दूधवाल्याशी आणि मुलांशी बोलू नये, तर आपण काय म्हटले असते? (काही घरांत हा आदेश न निघताच पाळला जातो, ही गोष्ट वेगळी.) भाषेच्या बाबतीत हास्यास्पद वाटणारी अट गाडीच्या बाबतीत आपल्याला वाजवी वाटते, कारण अभिजात म्हणजे वापरातून निवृत्त झालेले, हे समीकरण आपल्या मनात कुठेतरी पक्के बसले आहे. संमेलनात ग्रंथदिंडी निघते, ग्रंथांवर फुले वाहिली जातात, आणि त्याच गावातल्या ग्रंथालयाचे दार दुपारी बंद असते. व्हिंटेज रॅली ही मला पुष्कळदा अशीच ग्रंथदिंडी वाटते.

पन्नास वर्षांच्या या अटीत आणखी एक गोम आहे. आपल्या कायद्याप्रमाणे खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. हे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीसाठी ५ हजार रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मधल्या दुरुस्तीने वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी १० हजार. महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कर आहे. म्हणजे पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत, तब्बल पस्तीस वर्षे, गाडी ही केवळ ‘जुनी’ असते : तिच्यावर कर चढतो, २०२१ च्या भंगार धोरणाखाली तिला मोडीत काढण्यासाठी सवलतींचे आमिष दाखवले जाते, आणि शेजारी तिला डबडे म्हणतात. पन्नासावे वर्ष उजाडले की तीच गाडी रातोरात वारसा ठरते. या दोन टोकांच्या मधला पस्तीस वर्षांचा प्रवास तिने कुणाच्या जिवावर करायचा? राज्यसंस्थेच्या दृष्टीने त्या काळात तिला जपणारा मनुष्य हा एक हट्टी करदाता असतो. आणि पन्नाशी गाठलेल्या प्रत्येक गाडीमागे असा निदान एक हट्टी मनुष्य असतोच.

या मधल्या प्रदेशात कोण टिकते हेही पाहण्यासारखे आहे. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस टिकतात. त्यांना गॅरेज असते, नोकर असतो, आणि त्या पहिल्या दिवसापासून मौल्यवान असतात. मध्यमवर्गाच्या गाड्या टिकत नाहीत, कारण कालपर्यंत त्या सर्वत्र होत्या. जे सर्वाधिक संख्येने असते ते सर्वांत आधी नाहीसे होते, हा नियम दिवाळी अंकांना लागू आहे, शालेय पाठ्यपुस्तकांना लागू आहे, तसाच मोटारींनाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. १९८६ मध्ये तिची बॉडी बदलली. त्या पहिल्या तीन वर्षांतली, चौकोनी खोक्यासारखी बुटकी मारुती आपण शेवटची केव्हा पाहिली, हे वाचकांनी आठवून पाहावे. मला गेल्या पाच वर्षांत ती एकदाच दिसली, सांगलीत एका दवाखान्याबाहेर, छपरावर गुलमोहराची फुले पडलेली. या गाडीने भारतीय मध्यमवर्गाचे आयुष्य जितके बदलले तितके कुठल्याही रोल्स-रॉइसने बदलले नाही. पण कायद्याने वारसा होण्यासाठी तिला २०३३ उजाडेपर्यंत थांबावे लागेल, आणि तोवर मोजायला किती उरतील ही शंकाच आहे.

स्टँडर्ड हेरल्डचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. इंग्लंडच्या ट्रायंफ हेरल्डची रेखाकृती जियोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाची. मद्रासला ती १९६१ पासून बनू लागली. तिचे बॉनेट पुढच्या चाकांवरच्या पत्र्यासकट अख्खे पुढे कलते, मगरीने जबडा वासावा तसे, आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडे पडते. मूळ ब्रिटिश गाडी दोन दरवाजांची. आपल्या कुटुंबांत मागच्या आसनावर आजी बसते, आणि पुढचे आसन वाकवून आजीला मागे शिरवणे हे सोपे काम नव्हे. म्हणून मद्रासच्या कारखान्याने पुढे चार दरवाजांची हेरल्ड काढली. तशी हेरल्ड इंग्लंडमध्ये कधी बनली नाही. म्हणजे जगाच्या मोटारींच्या इतिहासात ही एक स्वतंत्र भारतीय पाठभेदाची प्रत आहे. अशा प्रती किती उरल्या आहेत, कुणी मोजल्या आहेत का? पुण्यात डेक्कनच्या मागच्या गल्ल्यांत एके काळी दोन-तीन नेहमी दिसत. त्यांतली एक अजून कधीमधी दिसते; वयस्कर गृहस्थ चालवतात, वळताना खिडकीतून हात बाहेर काढून खूण करतात. मागच्या दुचाकीवाल्यांना त्या खुणेचा अर्थ कळत नाही.

पद्मिनीची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी इथे सांगायला हवी. मुंबईतल्या टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांचे रकाने गहिवराने भरले होते. त्या गहिवराबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे. याच गाडीत बसताना आपण नाके मुरडली होती. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे, काच खाली करण्याचे हँडल जागेवर नसे, पावसाळ्यात पायाशी पाणी येई. आणि जो दिवसाचे बारा तास मे महिन्यातल्या मुंबईत ती चालवत होता, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ओढत होता, त्याला वातानुकूलित हलकी गाडी मिळाली तर त्याने रडावे अशी अपेक्षा करणे हा प्रवाशाचा स्वार्थ झाला. टॅक्सी म्हणून पद्मिनी निवृत्त झाली हे योग्यच झाले. निदान एक तरी पद्मिनी जतन करावी अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. ती मागणी करणारे चालकच होते, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्यांनी तिचा त्रास सोसला त्यांनाच तिची किंमत ठाऊक होती.

ऋत्विक घटक यांचा ‘अजांत्रिक’ हा चित्रपट इथे अपरिहार्यपणे आठवतो. १९५८ चा. सुबोध घोष यांच्या कथेवरचा. छोटा नागपूरच्या पठारावर एक टॅक्सीवाला आपली मोडकळीला आलेली शेव्हरोले चालवतो, तिला नावाने हाक मारतो, लोक त्याला वेडा ठरवतात, आणि अखेर गाडी भंगारात जाते. योगायोग असा की त्याच वर्षी ‘चलती का नाम गाडी’ही आला. एकाच वर्षी दोन जुन्या गाड्या पडद्यावर आल्या. एकीवर देश हसला आणि दुसरी फारशी कुणी पाहिली नाही. पण दोन्ही चित्रपटांत गाडी कामावर आहे, हे लक्षात घ्यावे. प्रदर्शनातल्या मोटारीवर चांगली कथा लिहिली गेल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. जी गाडी कुठेच जात नाही तिला कथानक कुठून असणार?

‘मूळ स्वरूपात’ या अटीबद्दलही दोन शब्द. चालती गाडी मूळ स्वरूपात राहत नाही. तिचा कार्बोरेटर बदलतो, ब्रेकचे ड्रम कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचे बसतात, दिव्याची काच मिळत नाही म्हणून पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या चोरबाजारात फेऱ्या घालाव्या लागतात आणि अखेर मिस्त्री काहीतरी जुळवून देतो. क्यूबात १९५९ च्या क्रांतीपूर्वीच्या अमेरिकन शेव्हरोले आणि फोर्ड आजही रस्त्यावर आहेत. अमेरिकेच्या व्यापारबंदीमुळे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा लोकांनी त्यांत दुसऱ्याच गाड्यांची डिझेल इंजिने बसवली आणि त्या टॅक्सी म्हणून चालवल्या. आपल्या नियमाच्या मोजपट्टीने त्यांतल्या अनेक गाड्या व्हिंटेज ठरणार नाहीत. तरीही जगात जुन्या गाड्यांचे नाव काढले की हवानाचाच रस्ता डोळ्यांपुढे येतो. आपल्या घरचेच उदाहरण हवे असेल तर एकनाथांकडे पाहावे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. लोक ती वाचत होते, उतरवत होते, म्हणूनच तिच्यात अपपाठ शिरले होते. आणि लोकांनी ती पुढेही वाचावी म्हणूनच नाथांनी ते काढले. कुणाच्याही हाती न लागलेली पोथी अधिक मूळ राहिली असती, यात शंका नाही. तिला कसर लागली असती.

आता आक्षेप. जुन्या गाड्या धूर सोडतात. त्यांना ना उत्प्रेरक नळी असते, ना एअरबॅग. अपघातात त्या आतल्या माणसाला वाचवत नाहीत. हे सारे खरे आहे, आणि दिल्लीसारख्या शहराची हवा पाहता त्याकडे दुर्लक्ष करणे बेजबाबदारपणाचे ठरेल. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, त्यामागे हीच चिंता होती. पण गाडीचे वय आणि गाडीचा धूर या दोन गोष्टी एक नव्हेत. धूर दोन बाबींवर ठरतो : ती कशी राखली आहे आणि किती चालते. आठवड्यातून दोनदा मंडईत आणि महिन्यातून एकदा नातेवाइकांकडे जाणारी फियाट वर्षाला जेवढे पेट्रोल जाळते, तेवढे नव्या गाडीवाला घर ते कार्यालय करताना महिना-दोन महिन्यांत संपवतो. शिवाय एक गाडी मोडून दुसरी बनवायलाही लोखंड वितळवावे लागते, हे भंगार धोरणाच्या समर्थनात सहसा ऐकू येत नाही.

इतर देशांनी यातून वाट काढली आहे. जर्मनीत तीस वर्षांची, चांगल्या स्थितीत राखलेली गाडी ऐतिहासिक म्हणून नोंदता येते. १९९७ पासून तिच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर लागते. तिला ठरावीक वार्षिक कर असतो, शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांतूनही तिला सवलत असते, आणि मालक तिच्यातून रोज कामावर गेला तरी हरकत नसते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांच्या गाडीला रस्ता कर माफ आहे, आणि भरीव बदल झालेले नसतील तर २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. तपासणी माफ करणे मला स्वतःला धाडसाचे वाटते. आपण तसे करू नये. पण जर्मनांप्रमाणे तीस वर्षांची मर्यादा, कडक तपासणी आणि वर्षाकाठी काही हजार किलोमीटरची मुभा एवढे आपल्याला अशक्य नव्हते. हव्या त्या गाडीला हवे तेवढे चालू द्या, असे माझे म्हणणे नाही. जी गाडी तपासणीत उतरते तिला चालण्यासाठी सबब द्यावी लागू नये, इतकेच आहे.

आणि मिरवणुकीविषयी मी वर जे लिहिले त्याला एक सन्माननीय अपवाद आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते. तीही मिरवणूकच, पण त्या दिवशी ती गाडी पाहिली जाण्यासाठी आलेली नसते. सोने लुटायच्या सोहळ्याला तिच्यातून माणसे आलेली असतात. गर्दीतले बहुतेक जण गाडीचे मॉडेल सांगू शकणार नाहीत. तिचे येणे हा सणाचा भाग आहे, आणि गाडी वर्षातून एक दिवस का होईना, आपले काम करते.

१९७४ मध्ये नोंदलेल्या ज्या काही पद्मिनी आज चालत्या आहेत, त्या २०२४ मध्ये पन्नास वर्षांच्या झाल्या. त्यांच्या मालकांपुढे आता दोन अर्ज आहेत. एक अर्ज भरला तर गाडी व्हिंटेज होईल, दहा वर्षे नूतनीकरणाची कटकट नाही, जुना क्रमांक कायम, आणि रॅलीत मान. दुसरा भरला तर ती आहे तशी नुसती जुनीच राहील : पाच वर्षांनी पुन्हा तपासणी, पुन्हा शुल्क, पुन्हा पर्यावरण कर. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी दुसरा अर्ज भरला. कारण विचारले तर म्हणाले, ‘पहिला भरला तर मंडईत कसं जायचं?’ परवा त्यांची फियाट भाजीवाल्यापाशी उभी दिसली. डिकी उघडी होती, आत मेथीच्या जुड्या होत्या, आणि मागे अडकलेला टेंपोवाला हॉर्न वाजवत होता.